तपासणीपुरतं पाळणाघर

"आई, तुझ्या कंपनीत पाळणाघर होतं ना गं? मग माझ्या कंपनीत का नाही?" मुलीने गेल्या आठवड्यात विचारलं.

तिचा मुलगा दीड वर्षाचा, दोघं माझ्याकडेच राहतात. अंबडच्या कंपनीत तिला पहिली पाळी लावली होती, सकाळी सातची. सोमवारपासून या, नाहीतर येऊ नका, असा निरोप आला होता. जावई ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. मी अजून कामावर. अंगणवाडीत इतक्या लहानाला दिवसभर ठेवत नाहीत, आणि मोठ्यांचीही दुपारी जेवायच्या सुमारास सुटते. कारखान्याचा भोंगा तेव्हा कुठे वाजतो?

होतं, मी म्हटलं. आणि काय पाळणाघर होतं म्हणून सांगू.

स्टोअरशेजारी एक खोली होती. दारावर पाटी, भिंतीवर रंगवलेला ससा आणि आत छतापर्यंत पुठ्ठ्याची खोकी. आम्ही बाया तिथून जाता-येता सशाला रामराम करायचो. एक दिवस सुपरवायझर आले. म्हणाले, "बायांनो, उद्या सरकारी तपासणी आहे. सहा वर्षांच्या आतलं घरात जे काही असेल ते घेऊन या."

खोकी हलली. सतरंजी आली, खेळणी आली, पाळणा आला. पाळण्याला दुकानाची चिठ्ठी तशीच लटकत होती.

आता सरकारी माणसासमोर पोर न्यायचं म्हणजे नटवूनच न्यायचं, हे आम्हाला कुणी शिकवायला नको होतं. दुसऱ्या दिवशी गेटवर वरात. झालरीचे फ्रॉक, काजळ, गजरे. जावळाच्या कार्यक्रमातला फेटा बांधून एक नवरदेव. एकीला स्वतःचं लहान नव्हतं, तिने जावेची दोन आणली. सुपरवायझरांनी कपाळाला हात लावला.

"रोज येणारी पोरं अशी असतात का? काढा ते फेटे. मळवा त्यांना जरा."

मग आम्ही मशीन पुसायच्या चिंध्यांनी पोरांची पावडर पुसली. माझी मुलगी दोन वर्षांची होती. सुपरवायझरांनी आपल्या डब्यातलं वरण बोटावर घेऊन तिच्या दोन्ही गालांना लावलं, अगदी हळद लावावी तसं. आम्ही पोट धरून हसलो. सगळ्यांत जास्त मी.

तपासणीला मॅडम आल्या. साधी साडी, हातात फाइल. खोलीभर पोरं खेळत होती. माझी मुलगी मात्र खेळण्यांकडे गेली नाही. कोपऱ्यात टेबल होतं, तिकडे चालत गेली, टेबलाच्या पायाला टेकून बसली आणि उजवा पाय पुढे करून माझ्याकडे बघत राहिली.

मॅडमनी विचारलं, "ही काय करतेय?"

मला माहीत होतं. रोज सकाळी कामाला निघताना मी तिचा पाय जुन्या साडीच्या पट्टीने खाटेच्या पायाला बांधायची. पट्टी मोरीपर्यंत पोचायची नाही आणि स्टोपर्यंतही, इतकी मोजून फाडलेली. जवळ पाणी, बिस्किटं, बाहेरून कडी. शेजारीण अधूनमधून खिडकीतून बघायची. मुलगी रडायची नाही. आई निघाली की पाय पुढे करायचा, एवढं तिला कळलं होतं.

पुढच्या महिन्यात कायम करायच्या बायांच्या यादीत माझं नाव होतं. सुपरवायझर मागेच उभे होते.

"खेळतेय, मॅडम," मी म्हटलं. "रोजचाच खेळ आहे तिचा."

मॅडमनी तिच्या घोट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग कागदावर बरोबरची खूण केली. संध्याकाळी खोकी परत आत गेली.

मी कायम झाले. नातेवाइकांनी विचारलं की सांगायची, कंपनीचं पाळणाघर आहे. मुलगी हेच ऐकत मोठी झाली. इतकी वर्षं ही गोष्ट मी वरणापाशीच संपवत आले, लोक हसून दाद देतात. या वेळी मात्र शेवटपर्यंत सांगितली.

तिने पोराला मांडीवर ओढलं. मग म्हणाली, "पाय किती वाजता सोडायचीस?"

"चारला," मी म्हटलं.

शनिवारी आम्ही दोघी प्रभागाच्या बैठकीला गेलो. मी उभी राहिले. म्हटलं, रस्ता सरकार करतं, दवाखाना सरकार चालवतं, तसं पाळणाघरही सरकारनेच चालवायला पाहिजे. पाळीच्या वेळेला उघडणारं, शिकलेल्या आणि नीट पगार मिळणाऱ्या बायांचं, पोटभर जेवण देणारं, आमच्यासारखीला परवडणारं. आणि किल्ली सुपरवायझरच्या खिशात नको. साडीच्या पट्टीचंही सांगितलं.

मंचावरचे नगरसेवक, आमचे भाऊ, गोड माणूस. म्हणाले, "मावशी, मागणी रास्त आहे. पण तोपर्यंत घरात आजी असेलच की."

"आहे ना, भाऊ. आजी पहिल्या पाळीला जाते."

सगळे हसले. भाऊही हसले आणि पुढचा विषय घेतला, गटारीचा.

सोमवारी सकाळी मी निघाले तेव्हा ओट्यावर दोन डबे भरलेले होते. आपल्याला आता जायचं नाही हे मुलीच्या लक्षात आलं तसं तिने आपला उघडून भाजी परत कढईत ओतली. नातू तिच्या पायात घुटमळत होता, घरभर मोकळा.