चार देव आणि एक तिकीट

मी जोतिबाला साकडं घातलं ते उलटं. बाकीचे डोंगरावर जाऊन म्हणतात, देवा, वाट मोकळी कर. मी गाभाऱ्यापुढं उभी राहून म्हणाले, मला अडव. अडवलंस तर पुढच्या माघात सगळे रविवार अनवाणी चालत येईन. रांगेत मागं उभा असलेला माणूस म्हणाला, "मावशी, आटपा. देवाला अजून लई जणांचं ऐकायचं हाय." मी अंगावरचा गुलाल झटकला आणि बाजूला झाले. काम झालं असं मला वाटलं.

अडवायचं होतं ते आफ्रिकेला जाण्यापासून. घरोघरी फोन आले होते, मोबाइल अजून आले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. माझा मुलगा शिरोलीच्या फाउंड्रीत मोल्डर होता, ओतकामाचे साचे बनवायचा. कायमची नोकरी सोडून बायकोला घेऊन तो नैरोबीच्या फाउंड्रीत गेला, तेव्हा मी बरेच दिवस त्याच्याशी धड बोलले नव्हते. सुनेला याआधी दोनदा दिवस राहून वाया गेले होते. तिकडं तिसऱ्यांदा राहिले. मुलाचा फोन आला, "आई, तू ये. आलीस की दोन-तीन वर्षं ऱ्हा. हिला तिकडं धाडावं तर डॉक्टर विमानात बसवू नका म्हणत्यात." मी म्हटलं, बघते. बघते म्हणजे नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे. तरी त्यानं इकडच्या मित्राकडून माझा पासपोर्टचा अर्ज भरवला.

गंगावेशीजवळ माझी खानावळ होती. नवरा गेल्यावर काढली आणि तिच्यावरच मुलाला वाढवलं. विमानाची मला भीती नव्हती. पडलं तर सगळ्यांना घेऊन पडतं. भीती दुसरीच होती. इथं मी पातेल्यावर पळी आपटली की भरलेली पंगत गप्प व्हायची. तिकडं मला पाटी वाचता येणार नव्हती, पाणीसुद्धा मागता येणार नव्हतं. चौथी शिकलेली बाई कोल्हापुरात मालकीण असते, परदेशात तिचं गाठोडं होतं. कुणीतरी उचलायचं, कुणीतरी ठेवायचं. पण सुनेचा चेहराही डोळ्यांपुढून हलत नव्हता. मी नाही म्हणाले असते तर वाईट मीच ठरले असते. म्हणून ते काम मी देवाकडं दिलं.

पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आला. मला वाटलं, हा काहीतरी खोट काढेल. त्यानं दारातच टोपी काढली. भरतीच्या वेळी तो माझ्याकडंच जेवायला होता. "मावशीची मी काय चौकशी करणार? रात्री उशीर झाला की मावशीच आमची चौकशी करायची," असं म्हणाला, दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि सही करून गेला. आयुष्यभर लोकांना पोटभर घातल्याचा मला तेव्हा पहिल्यांदा पश्चात्ताप झाला.

मग मी अट घातली की माझ्यासारखा पांढरा रस्सा करणारी मिळाली तरच खानावळ सोडीन. रविवार जोतिबाचा, मटण चालत नाही, म्हणून आमच्याकडं रस्सा बुधवारी. माझ्या हाताखालच्या शांतानं एका बुधवारी केला. मी कोपऱ्यात उभी राहून लोकांची तोंडं बघत होते. एक जुना गिऱ्हाईक वाटी तोंडाला लावून म्हणाला, "मावशी, आज हात बसला की तुमचा." शांता खाली मान घालून हसली. आणखी दोघांनी वाटी पुढं केली.

आता एकच आशा उरली होती, घरचे देव. आमच्या देव्हाऱ्यात चांदीचे चार टाक. घोड्यावरचा जोतिबा, अंबाबाई, खंडोबा, आणि चौथा घासून घासून इतका गुळगुळीत झालेला की तो कोण ते माझ्या सासूलाही ठाऊक नव्हतं. ती म्हणायची, असेल कुणीतरी आपलाच, कुंकू लाव. घर बंद करून देव कुलपात ठेवत नाहीत. ते घेणारं कुणी नसेल तर जाता येत नाही, हे कुणालाही पटलं असतं. मी जावेला विचारायला गेले, आणि ती नाही म्हणेल याची मला खात्री होती. जाऊ म्हणाली, "दोन चुलींचं देव एका देव्हाऱ्यात न्हाई ठेवत, अक्का. भांडत्यात." मी इतकी खूश झाले की तिच्याकडं चहा घेतला. गेल्या कित्येक वर्षांत घेतला नव्हता.

शास्त्राला पक्कं म्हणून डोंगरावरच्या गुरवाला विचारलं. तो नारळ फोडत होता. मान वर न करता म्हणाला, "देव काय भिंतीला चिकटवल्यात व्हय? घिऊन जा की संगं." आणि प्रसादाची खोबऱ्याची वाटी माझ्या हातात दिली. मी देवाकडं बघितलं. देव दुसरीकडंच बघत होता.

मुलगा न्यायला आला. देव बॅगेत ठेवू म्हणाला. चपला, चटणी आणि देव एकत्र? मी चारही टाक लाल खणात गुंडाळले आणि लुगड्याच्या आत कमरेला बांधले. मुंबईच्या विमानतळावर बायकांना तपासायला पडद्यामागं नेतात. तिथल्या पोलीसबाईनं हातातलं यंत्र कमरेवरून फिरवलं आणि ते कोकलायला लागलं. तिनं गाठोडं मागितलं. तिच्या पायात कातडी बूट, नुकताच कुणाच्या तरी चपला तपासलेला हात. मी म्हणाले, देणार नाही. तिला मराठी कळत नव्हती, पण 'नाही' तेवढं कळलं. ती म्हणाली, दाखवल्याशिवाय विमानात जाता येणार नाही. माझ्या जिवात जीव आला. जोतिबा शेवटी ऐकतो, फक्त उशिरा, असं मनात म्हणत मी पिशवी उचलली आणि परत निघाले.

तिनं माझा हात धरला. खाली वाकून बुटांचे बंद सोडले. बूट पायानं कोपऱ्यात सारले. बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले, आणि पुसायला काही नव्हतं म्हणून तसेच ओले पुढं केले. तिच्या गळ्यात क्रूस होता, तो मला तेव्हा दिसला. आता माझ्याकडं कारण उरलं नाही. मी खण सोडला. तिनं एकेक टाक ओंजळीत घेतला, उलटसुलट बघितला. तो गुळगुळीत टाक हातात आला तेव्हा थांबली.

"माताजी, ये सब कौन हैं?"

"घरचं लोक," मी म्हणाले.

ती हसली. "टिकट एक, और सवारी चार?" मग खणात घालून गाठही तिनंच मारली आणि मला हळूच पुढं ढकललं. मी विमानात बसले तेव्हा देवावर इतकी चिडले होते की त्याचं नावही घेतलं नाही.

नैरोबीला जाऊन थोडेच दिवस झाले होते. मुलगा कामावर होता, फोन बंद पडला होता. सून म्हणाली, पोटात गॅस झालाय, पडून राहते. महिने भरायला अजून वेळ होता. तिनं भिंतीला धरलेला हात मी बघितला. गॅसला बाई भिंत अशी धरत नाही. शेजारच्या गुजराती काकांच्या दारावर मी पातेलं बडवलं. त्यांना माझी भाषा येत नव्हती, पण कोल्हापुरात पंगत गप्प करणारा आवाज तिकडंही चालला. त्यांनी गाडी काढली. दवाखान्यात मागून धावत आलेल्या मुलाला डॉक्टर म्हणाले, घरी पडून राहिली असती तर दोघीही हाताला लागल्या नसत्या. मुलानं दोघी म्हणून सांगितलं, तेव्हा मला कळलं की नात झालीय.

तिथल्या बाकावर बसल्यावर मला आठवलं की मी काय मागितलं होतं. देवानं माझं एकदा जरी ऐकलं असतं, तर ती भिंत धरून बसलेली पोर एकटीच असती. तिकडं देव्हारा अजून मांडला नव्हता, कमरेची गाठ तशीच होती, ती सोडून मी टाक मांडीवर ठेवले. एवढंच म्हणाले, बरं झालं, ऐकलं नाहीस.

तीन वर्षांसाठी गेलेली मी नात शाळेत जाईपर्यंत राहिले. तिकडच्या फाउंड्रीतल्या पोरांना डबे दिले, पाटी न वाचताही बाजार केला. परत आले तेव्हा खानावळ शांताच्या नावानं ओळखली जात होती. तिच्याकडं बुधवारी जेवते आता. रस्सा बरा करते.

परत आल्यावरच्या माघातले सगळे रविवार मी अनवाणी चालत गेले. नवस अडवण्याचा होता, त्यानं अडवलं नाही, म्हणजे माझं काही देणं लागत नव्हतं. तरी गेले. गाभाऱ्यापुढं आता काही मागत नाही. त्याला त्याचं काम कळतं, आणि मला काय मागावं ते कळत नाही, हे एकदा पुरतं समजलंय. आले म्हणून सांगते आणि मागच्याला जागा देते.

चौथा टाक कुणाचा, ते अजून ठाऊक नाही. सकाळी त्याला कुंकू लावताना ते ओले हात आठवतात. नाव त्या बाईचंही मी विचारलं नव्हतं.