चिंचेने घासलेला पैसा

गॅलरीत पंच्यावर माझी नाणी लखलखत वाळत होती.

टांकसाळीत चुकलेली नाणी जमवायचा मला नाद आहे. घरच्यांच्या मते चुकलेल्या माणसाला दुसरं काय आवडणार? त्यातल्या एका तांब्याच्या पैशावर तर तीन चुका होत्या : छाप सरकलेला, आकडा दोनदा उमटलेला, कड तुटकी. पण अशा नाण्याची प्रत ठरवताना त्याच्यावर चढलेला काळपट रंग आधी बघतात. घासलेल्या नाण्याला कोणी विचारत नाही.

"देवाच्या भांड्यांबरोबर चिंचेने घासली, जावईबापू," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्या आमच्याकडे राहायला आल्या होत्या.

वर्षानुवर्षांनी चढवलेला रंग मायेचा हात दहा मिनिटांत उतरवतो, आणि त्या हातावर रागावताही येत नाही. "छान निघालीत," मी म्हणालो.

त्यांनी तोच पैसा पुढे केला. "हा तीनदा घासला, तरी आकडा दोनदा दिसतो हो. माझं ऑपरेशन फसलं की काय?"

"नाही आई, डोळे ठीक आहेत. चूक टांकसाळीची आहे."

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. "मग इतक्या दिवसांत बँकेतून बदलून नाही का आणायचा?"