डॉक्टर नको म्हणाल्या

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, मुलीला नाही. देवापुढे हात जोडतानाही या एका जागेवरून मी उडी मारूनच पुढे जाते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखणारे सगळे मला चांगली म्हणतात — तेच तर दुखणं आहे.

किन्हवलीच्या बाजूला आमचं गाव. घर एक, चुली दोन. एक माझी, एक थोरल्या जावेची. जावा-जावा उभा दावा म्हणतात, आमच्यात तसं नव्हतं. मी तिला बाय म्हणायची. तिला मुलगी नव्हती, म्हणून माझी पूनम अर्धी तिच्याच चुलीवर जेवून वाढली. आणि बाय धवले गायची — हळदीला, मांडवाला म्हणायची लग्नाची जुनी गाणी. गावात कुणाचंही लग्न असो, बाय पाटापाशी बसून धवला म्हणायची आणि पहिली हळद तीच लावायची. पूनमच्या हळदीला काय काय गायचं, हे तिने पूनम शाळेत होती तेव्हापासून ठरवून ठेवलं होतं.

मग तिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, सलाइनमधून औषधं सुरू झाली, केस गेले. कॅन्सर हा शब्द घरात कुणी उच्चारत नसे. "बायचं ते" — एवढंच. त्याच दिवसांत पूनमचं टोकावड्याला जमलं. चांगलं घर, मुलगा नोकरीला. माझ्या डोक्यात एकच किडा — यांना कळलं तर? मुलीच्या रक्तात असेल म्हणतील, लग्न मोडतील. आता तुम्ही म्हणाल, बाय तर तुझी जाऊ, तिचं आणि पूनमचं रक्त कुठे एक? बरोबर आहे. मलाही ते तेव्हा कळत होतं. खरं सांगू? रक्त हे निमित्त होतं. ते बोडकं डोकं, ती काळवंडलेली नखं — मला ती माझ्या मुलीच्या हळदीच्या अंगाला लागायला नको होती.

मुंबईच्या हॉस्पिटलात तिच्याबरोबर नेहमी मीच जायची. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. आजारी माणसाला बाहेर बाकावर बसवायचं आणि काय ते नातेवाइकाने आत ऐकायचं. बाय घाबरेल म्हणून आम्हीच डॉक्टरीणबाईंना तशी विनंती केली होती. त्यामुळे बायचा आजार बायला माझ्या तोंडून कळायचा, मी सांगेन तेवढाच. लग्नाआधीच्या खेपेला मी आत विचारलं. डॉक्टरीणबाई हसल्या. रक्त चांगलं आलंय म्हणाल्या, खुशाल जाऊ दे लग्नाला, गाऊ दे. माणसांत ठेवा तिला, एकटी पाडू नका.

मी बाहेर आले. बाय बाकावरून उठली.

"काय बोलल्या गो? हलदीला बसू ना मी?"

आणि मी — हे किती सोपं असतं, कल्पना आहे तुम्हाला? घशात काही अडकत नाही.

"नाय बोलल्या, बाय. मानसांत जायाचा नाय. जंतू लागतात."

ती खाली बसली. लांब बसले तरी चालणार नाही का, म्हणून तिने एकदा विचारलं. मी मानेनेच नाही म्हटलं. परत येताना गाडीत मात्र ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मरान येल तवा येल गो. पन मानसांत आसले आसते तं बरा होता."

हळदीच्या संध्याकाळी तिला मागच्या खोलीत बसवलं, दार ओढून घेतलं. टोकावड्याच्या बायका नवऱ्याची उष्टी हळद घेऊन आल्या. पूनम पाटावर बसली, आणि भिंतीपलीकडून आवाज आला. बारीक, मधेच तुटणारा. बाय आत एकटी धवला म्हणत होती. आमच्या बायकांचे हात ताटात तसेच थांबले. पूनमने मान वळवली. विहीणबाईंनी विचारलं, कोण गातंय? मी म्हटलं, कुणाचा तरी मोबाइल वाजतोय. आणि स्पीकरवाल्याला खूण केली — वाढव. बाय कधी थांबली, मला माहीत नाही.

एवढ्यावर संपलं असतं तर एका दिवसाचं पाप म्हणून मी गिळलं असतं. पण बायने माझं खोटं पाळलं. कुणी भेटायला आलं की आतूनच सांगायची, लांब बसा, डॉक्टर नको म्हणाल्यात. लोकांना आधीच भीती होती, त्यांचं बरंच झालं. हळूहळू यायचेच थांबले. पूनम माहेरपणाला आली, तिच्या गळ्यात पडायला धावली, तर बायने हात आडवा धरला. मी तिथेच पाण्याचा तांब्या घेऊन उभी. लग्न पार पडलेलं, भीती संपलेली, एक वाक्य बोलायचं होतं. का बोलले नाही? कारण मग खोटं का बोललीस, हेही आलं असतं. तिच्या एकटेपणापेक्षा मला माझं नाव प्यारं होतं.

शेवटी शेवटी मी तिचं सगळं केलं. अंग पुसलं, पेज भरवली. एका दुपारी तिने माझा हात धरला.

"तू डॉक्टरांचा आयकलास म्हनून येवढी तरी जगले."

मी हो म्हटलं. हो म्हटलं, आणि तिची गोधडी सारखी केली.

गावात अजून म्हणतात, जाऊ असावी तर अशी. धवले म्हणणारं आता कुणी उरलं नाही. हळदीला खरंच मोबाइल वाजतो. बायका मला पाटापाशी बोलावतात, बायच्या जागी तुझाच मान म्हणून. मी जाते. पहिली हळद मीच लावते.