चिंच-मिठात घातलेलं रोमन नाणं

आइंडहोवनमध्ये लॉकडाऊन लागला आणि मी घरात कोंडले गेले. कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या मशीनवर स्वतःच्या हातांनी काम करणारी बाई मी, लॅपटॉपवर नुसत्या मीटिंगा करून कशी जगणार? हात सारखे शिवशिवायचे. दिवसातून चार वेळा ओटा पुसायचे, नवऱ्यावर उगाच खेकसायचे.

शेजारचे डच आजोबा तेव्हा नुकतेच एकटे पडले होते. आजी कोविडनं गेल्या. आजोबांना दिसायचंही अंधुक. एक दिवस कुंपणावरून हात लांब करून त्यांनी मला एक पाकीट दिलं. आत नखाएवढं हिरवं नाणं. आजींना लग्नाआधी शेतात सापडलेलं, काशाचं, रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळातलं.

"यावरचा सम्राट कोण, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही," ते म्हणाले. "तुझ्याकडे भिंग आहे ना? बघ जरा."

भिंगाखाली नाक दिसलं, डोक्यावरची माळ दिसली. अक्षरं काही लागेनात. वाटलं, हा हिरवा थरच आड येतोय. आणि अवदसा आठवली मला! दिवाळीआधी ताम्हन-पळी घासतो तसं ते नाणं चिंच-मिठात घातलं आणि खसाखसा चोळलं.

लख्ख निघालं. लख्ख आणि सपाट! शेकडो वर्षांत तो चेहरा त्या हिरव्या थरातच काय तो उरला होता, आणि थर सिंकमधून वाहून गेला. चांगलीच माती खाल्ली मी.

चार दिवस जिवाला चैन नाही. नवरा म्हणाला, "सांगून टाक." "काय सांगू, कप्पाळ?" मी त्याच्यावरच ओरडले. आजोबांना कुठे नीट दिसतंय, असा नीच विचारही मनात आला, कबूल करते. तोच विचार घेऊन मी कुंपणापाशी गेले.

"सम्राट काही ओळखू आला नाही," एवढंच म्हणाले आणि पाकीट दिलं.

आजोबांनी नाणं डोळ्यांपाशी नेलंच नाही. त्यावरून अंगठा फिरवला. उलटवून फिरवला. पुन्हा पहिल्या बाजूवर, सावकाश. आजी गेल्यापासून ते रोज असाच अंगठा फिरवत असणार, हे मला तेव्हा कळलं.

त्यांनी नाणं परत पाकिटात घातलं आणि हसून माझ्यापुढे धरलं.

"अगं, हे आमचं नाही. तू चुकून दुसरंच आणलंस. आमचं तुझ्या घरी राहिलं असेल, जा, घेऊन ये. मी थांबतो इथेच."

पाकीट घेऊन मी दारापर्यंत गेले, आणि खरं काय ते सांगायला परत फिरले.