विकायचा नाही तो चहा

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर एक बाई रोज सकाळी फिरायला येणाऱ्यांना थर्मासमधला चहा फुकट द्यायच्या. देताना कपाच्या काठावरचा थेंब रुमालाने टिपायच्या. एका कंपनीच्या फ्रँचायझीचं चहाचं दुकान त्यांनी सोडलं होतं. त्यानंतर दोन वर्षं दादरमध्ये चहा विकायचा नाही, अशी करारात अट होती.

मी वकील. म्हटलं, "मावशी, करार संपल्यावरही धंदा अडवला, तर स्पर्धा कायद्याखाली दाद मागता येते."

"मागू की. पण तोवर यांनी काय प्यायचं?" त्या हसल्या. "विकायला बंदी आहे, पाजायला नाही."

आम्ही नोटीस पाठवली. कंपनीने अट सोडली. बाईंनी स्वतःचं दुकान उघडलं, तेव्हा अख्खा कट्टा दारात उभा होता. बाई पातेल्याकडेच बघत राहिल्या. चहा उतू गेला, तरी त्यांच्या भरल्या डोळ्यांना तो दिसला नाही.