कपाळमोक्षाची चौकट

घरातले त्याला सराई म्हणत, गिऱ्हाईकं सरळ गुत्ता म्हणत. चार पिढ्यांपूर्वी तो बांधणारे मूळपुरुष जेमतेम अडीच हात उंचीचे होते. त्यांनी दार स्वतःच्या मापाचं केलं आणि धंदा मांडला तो राक्षसांशी. तेव्हापासून रोज संध्याकाळी डोंगरावरचे राक्षस यायचे, वाकून वाकूनही वरच्या तुळईवर कपाळ आपटायचे, सगळा गुत्ता वळून बघायचा. मग घरच्या कर्त्या सासूबाई तांब्याचा थंडगार डाव टेंगळावर दाबत विचारायच्या, "डोळे घरी ठेवून आलास का रे?" घराण्याची परंपरा म्हणतात ती हीच.

थोरली सून सुताराची लेक. लग्न होऊन आली त्या दिवशी नवऱ्याच्या आधी तिची नजर त्या चौकटीवर गेली होती. बारा वर्षं तिने तोंड मिटून पिंपं लोटली. शेवटी सासूबाईंचे गुडघे कुरकुरायला लागले आणि त्या महिनाभर लेकीकडे निघाल्या. किल्ल्यांचा जुडगा थोरलीकडे देताना त्यांनी बजावलं, की परत येईन तेव्हा गुत्ता असाच गजबजलेला दिसला तर जुडगा तुझा, नाहीतर धाकटीचा. धाकटीने त्याच दुपारी जुडगा अडकवायला कंबरपट्टा उजळून ठेवला.

तिसऱ्या दिवशी थोरलीने करवत काढली. जुनी तुळई चुलीत घातली आणि दार चांगलं सात हात वर नेलं. ओळंबा सोडून दोनदा तपासलं, कुठे सुताइतकाही फरक नव्हता.

संध्याकाळी पहिला राक्षस ताठ मानेने आत आला आणि गोंधळून उभाच राहिला. आवाज झाला नव्हता, त्यामुळे कुणी मान वळवली नाही. त्याने एकदोनदा खाकरून बघितलं. मग कोपऱ्यात बसून अर्धा घडा प्यायला आणि निघून गेला. आठ दिवसांत एकही राक्षस फिरकेनासा झाला. थोरलीने बाकं रुंद केली, घडे मोठे केले. काही उपयोग नाही. सासूबाई यायला चार दिवस उरले, तेव्हा ती पदर खोचून डोंगर चढली.

त्या संध्याकाळी पहिला आलेला राक्षस खाणीत दगड फोडत होता. काय बिघडलं ते तिने विचारलं. तो बराच वेळ नखं कुरतडत बसला.

"वहिनी, रागावू नका. मी दिसलो की गावभर दारं लागतात, बाया पोरांना आत ओढतात. तुमचं तेवढं एक दार मला घाबरायचं नाही. उलट माझंच टाळकं फोडायचं. वर आजी शिव्या घालायच्या." त्याने घण बाजूला ठेवला. "बरं वाटायचं."

थोरली त्याला तसाच खाली घेऊन आली. दारात उभा केला, वाकवला, कपाळाची उंची दोरीने मोजली आणि बरोबर तिथेच नवी तुळई ठोकली. चुकीचं काम इतक्या अचूक मापाने तिने आयुष्यात केलं नव्हतं.

सासूबाई परतल्या त्या संध्याकाळी बाकावर टेकल्या न टेकल्या तोच धाडकन आवाज झाला. सगळा गुत्ता वळला. थोरलीच्या ओठांवर "लागलं का हो?" आलंच होतं, ते तिने गिळलं.

"आंधळा आहेस का मेल्या? तुळई नवी आहे माझी." ती खेकसली आणि डाव टेंगळावर दाबला. राक्षस कानापर्यंत हसला.

सासूबाईंनी उठून ते टेंगूळ चाचपून पाहिलं.

"हात फारच हलका आहे तुझा," त्या म्हणाल्या. "शिकशील. जुडगा राहू दे तुझ्याकडेच."