मातामायपाशी ठेवलेली सुई

बाविसाव्या दिवशी मी मातामायशी भांडले. खोटं कशाला सांगू, हात जोडून नाही, चांगली कमरेवर हात ठेवून भांडले. गावाच्या शिवेवर कडुनिंबाखाली शेंदूर लावलेले तीन दगड आहेत, तीच आमची मातामाय. बाकीच्या बाया तिथे दबक्या आवाजात बोलतात. मी पाण्याचा तांब्या तिच्यावर रिकामा केला आणि म्हणाले, "माय, पाहुणी म्हणून आली ना, मग पाहुणीसारखी निघून जा. किती दिवस बसून राह्यली माझ्या पोरीच्या अंगावर?" मागे उभ्या असलेल्या माझ्या सासूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी स्वतःच्या गालावर मारून घेतलं आणि मला ओढत घरी आणलं.

माझी मुलगी चिमी तेव्हा चार वर्षांची होती. आमचं गाव मोहर्लीच्या अलीकडे, जंगलाला लागून. नवरा सफारीची जिप्सी चालवतो आणि मी घरी शिलाई करते. थंडी सरत आली होती तेव्हा चिमीच्या मानेवर एक दाणा दिसला. बारीक, गुळगुळीत, मोत्यासारखा. चार दिवसांत काखेत पाच झाले, मग पोटावर. सासूबाईंनी पाहिलं आणि पदर डोक्यावर घेऊन पोरीच्याच पाया पडल्या. "माता आली," म्हणाल्या. अंगावर गोवर-कांजिण्या उठल्या की आमच्याकडे असंच म्हणतात. झालं! दाराला कडुनिंबाचे डहाळे लागले, घरात फोडणी बंद झाली, डोक्याला तेल नाही, मटण-मासळी नाही. आणि सुई बंद. माता अंगात असताना घरात सुई चालवली तर ती तिला टोचते, असं आमच्याकडे मानतात. माझ्या मशीनवर चादर पडली. याच कारणाने दवाखानाही नको, कारण दवाखाना म्हटला की सुई आलीच. नवरा एकदा म्हणाला, "दाखवून येऊ ना चंद्रपूरला." सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा बोलला नाही.

मी स्वतः अर्धी मानणारी, अर्धी न मानणारी. घरात दुखणं नसलं की मला देवाधर्माचं फार सुचत नाही, आणि दुखणं आलं की माझ्याइतकी घाबरट दुसरी नाही. माता सात दिवसांत जाते, फार तर नऊ. आम्ही दह्याचा निवद दाखवला, रोज पाणी घातलं, नवव्या दिवशी उतरवणीची आंघोळही घातली. दाणे हलायला तयार नाहीत. चिमीला ना ताप, ना कळ. ती आपली अंगणात कोंबड्यांमागे धावायची. मात्र अंगणवाडीत तिला कोणी जवळ बसू देईना. एक दिवस घरी येऊन तिने मला विचारलं, "आई, मी घाण आहे काय?" त्या एका प्रश्नाने माझं डोकं फिरलं.

मातामायशी भांडून आले त्या दुपारी सासूबाई शेजारी गेल्या होत्या. मी मशीनवरची चादर बाजूला केली, डब्यातून हातशिलाईची सुई काढली, दिव्यावर धरली आणि चिमीला मांडीवर घेऊन मानेवरचा तो पहिला दाणा फोडला. मग आणखी तीन. आतून दह्याच्या कणीसारखं पांढरं निघालं. पोरगी किंचाळली. मी ते पांढरं पदराने पुसलं, आणि त्याच पदराने तिचे डोळे पुसले. हे एवढं वाक्य लिहायला मला किती दिवस लागले ते माझं मला ठाऊक. कपड्यावर सुई चालवणं माझा धंदा आहे. पोरीच्या अंगावर चालवायला मला कोणी सांगितलं नव्हतं. सुई डब्यात ठेवली आणि घरात कोणाला काही सांगितलं नाही.

तीनेक आठवडे गेले. जिथे चार फोडले होते तिथे रांगेने बारा-पंधरा आले. आणि एका सकाळी तिचं तोंड धुताना पाहते तो उजव्या डोळ्याच्या खालच्या पापणीवर, अगदी काठाला, एक दाणा. डोळा लालसर झालेला. मी मातेला सुई टोचली आणि तिने माझ्या लेकराच्या डोळ्यावर बोट ठेवलं, दुसरं काही माझ्या मनात येईना. त्याच आठवड्यात माझ्या जावेच्या सव्वा वर्षाच्या मुलीच्या हातावर तसेच दाणे निघाले. सासूबाई म्हणाल्या, "माता घरभर फिरून राह्यली." मी मनात म्हटलं, फिरणार नाही तर काय, मीच तिला डिवचली.

ब्लाउज टाकायला येणाऱ्या एका बाईने सांगितलं की मूल गावाच्या पुढे, गडचिरोलीच्या रस्त्याला एका खेड्यात एक म्हातारा आहे. तो दाण्यावर बिब्ब्याचं तेल ठेवतो, एका दिवसात जळून जातं. बिब्बा कसा उततो, कातडी कशी सोलून निघते, हे जंगलाकाठच्या माणसाला सांगावं लागत नाही. मला ठाऊक होतं. तरी गेले. भीतीने माणूस इतकं आंधळं होतं. मातामायवरून माझा विश्वास उडाला होता असंही नाही. उलट तिच्या रागावर तेवढा पक्का विश्वास बसला होता. तिने माझं ऐकावं असं म्हणायला मला तोंड उरलं नव्हतं. घरी सांगितलं की माहेरी जाते, आणि पहाटेच्या बसने निघाले. वाटेत चिमी माझ्या मांडीवर झोपली होती आणि मी सारखी तो पापणीचा काठ पाहत होते. म्हातारा तेलाचा थेंब नेमका ठेवील ना, पोरीने डोकं हलवलं तर, एवढंच डोक्यात.

म्हाताऱ्याच्या दाराला कडी होती. शेजारच्या पोरीने सांगितलं, "आबा मोहा वेचाले गेले. दुपारी येतीन." ते मोहाचेच दिवस होते, सारं गाव रानात. म्हाताऱ्याच्या घरामागे बांधावर एक मोठा मोह होता, त्याच्या सावलीत बसावं म्हणून गेले. खालची जमीन झाडून स्वच्छ केलेली होती आणि चष्मा लावलेली एक वयस्क बाई टोपली घेऊन फुलं वेचत होती. तिने आम्हाला पाहिलं, बसा म्हणाली, पाणी दिलं. चिमी लगेच फुलं वेचायला लागली. थोड्या वेळाने तिने एक खाली आलेली फांदी धरली आणि तिच्यावरचा घोस ओढायला लागली. ती बाई वळूनही न पाहता म्हणाली, "वरचं तोडू नको माय. ते आपसूक पडते. पडलेलं तेवढं वेचायचं."

बोलली ती पोरीला. पण मला वाटलं, माझ्या सुईला बोलली. तोवर मी तिला काहीही सांगितलं नव्हतं, पोरीचे दाणेही तिने नीट पाहिले नव्हते. मी तिथेच मातीत बसले आणि रडायला लागले. अनोळखी माणसासमोर रडण्यातली मी नाही.

तिने टोपली खाली ठेवली. काय झालं असं न विचारता चिमीला जवळ घेतलं, फ्रॉक वर करून पोट पाहिलं, मान पाहिली, उजेडाकडे तोंड फिरवून डोळा पाहिला. हात लावायची पद्धत सरावाची होती. मग कळलं, ती सरकारी दवाखान्यात तीस-एक वर्षं नर्स होती. रिटायर झाली होती, आणि तिथेच शेजारी राहणाऱ्या बहिणीकडे दोन दिवसांसाठी आली होती.

"बाई, आमच्या घरी बुद्धाची पूजा," ती म्हणाली. "तुमच्या मातेचं मले काई सांगता येत नाई. दुखणं मात्र समजते. हे मातेचे फोड नाईत. मातेच्या फोडात पाणी भरते, ताप येते, मग खपली धरते. याच्यात पाहा, दाण्याच्या मधात खड्डा हाये. हे एकाचं दुसऱ्याले लागते, हातानं, पंचानं. लेकराईले होतेच. कोणी टोचलं का?"

नवऱ्याला न सांगितलेलं, सासूला न सांगितलेलं, त्या बाईला सांगितलं. सुई, पदर, डोळे, सगळं. मातेचा कोप झाला, असंही म्हणाले.

"कोप कायचा!" ती म्हणाली. "ते पांढरं जिथं लागलं तिथं उगवलं. तुझा पदर डोळ्याले लागला. एवढंच हाये ते." मग जरा थांबून, "आन् इथी काऊन आली? बिब्बा लावाले? पापणीच्या काठाले?" मी मान हलवली. तिने चिमीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि माझा हात घट्ट धरला. "डोळा जाईन पोरीचा. ऊठ. म्हातारा येण्याच्या आत ऊठ."

तिने मला स्वतः फाट्यावर आणून बसमध्ये बसवलं. उभ्या उभ्या सगळं सांगितलं: नखं कापून ठेव, हिचा पंचा वेगळा ठेव, दुसऱ्या लेकराला हिच्यासोबत आंघोळ नको, खाजवू देऊ नको, फोडू नको, डोळा आजच्या आज डॉक्टरला दाखव. "आन् मग?" मी विचारलं. "मग काई नाई. वाट पाहाची. चार महिने लागतीन, वर्ष लागन. जाते ते, आपसूक." बस निघाली तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी तिचं नाव विचारलं नाही.

त्याच दुपारी चंद्रपूरच्या दवाखान्यात डोळा दाखवला. डॉक्टरीण बाईंनी डोळ्यासाठी थेंब दिले, महिन्या-महिन्याने दाखवायला सांगितलं, आणि बाकी जवळजवळ तेच शब्द सांगितले जे मोहाखाली ऐकले होते. घरी येऊन मी सासूबाईंसमोर बसले आणि सुईचं, पंचा वेगळा ठेवायचं, सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता आभाळ कोसळणार. त्या मात्र पंचाचं नीट विचारू लागल्या, वेगळा म्हणजे कसा, आणि विचारता विचारता त्यांचा चेहरा उतरला. चिमीचा आंघोळीचा पंचा त्या मातेचा प्रसाद समजून जपून ठेवत होत्या, आणि रोज त्याच पंचाने जावेच्या लहानीचं अंग पुसत होत्या, तिलाही मातेचा आशीर्वाद लागावा म्हणून. "मीबी चुकली सुनबाई," एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी आम्ही दोघी एकमेकींसमोर बसून रडलो, आणि रडून झाल्यावर त्यांनीच चहा टाकला.

पण काही न करणं किती अवघड असतं! औषध उगाळायला सांगितलं असतं, उपास सांगितले असते, तर मी आनंदाने केले असते. नुसतं हात बाजूला ठेवून बसायचं, हे माझ्यासारख्या बाईला जमेना. पोरगी झोपली की माझी नजर त्या दाण्यांवर आणि बोटं शिवशिवायची. दोनदा तर नख तिथवर गेलं. शेवटी एका सकाळी ती सुई घेतली आणि मातामायकडे गेले. या वेळी हात जोडले. म्हटलं, "माय, तू आली होती की नव्हती, मले माहीत नाई. पण माझे हात ऐकत नाईत. हे तुझ्यापाशी ठेव." कडुनिंबाच्या सालीत सुई खोचली आणि परत आले. त्यानंतर माझं नख पुन्हा तिथवर गेलं नाही.

पावसाळा आला, धानाची रोवणी झाली. डॉक्टरीण बाईंच्या कागदावर दुखण्याचं नाव आल्यावर अंगणवाडीतल्या बाईंनी चिमीला पुन्हा सगळ्यांत बसवलं, दाणे झाकायला लांब बाह्यांचे झगे मी शिवून दिले. पोटावरचे दाणे लाल झाले, मला धडकी भरली, डॉक्टरीण बाई म्हणाल्या की जायची तयारी आहे. एकेक करून गेले. लहानीचेही गेले. पापणीवरचा सगळ्यात शेवटी राहिला. दिवाळीच्या आधी घर सारवत होते, चिमी समोर येऊन उभी राहिली आणि मी पाहिलं तर पापणीचा काठ साफ. तो कधी गेला, आदल्या दिवशी की त्याच्या आदल्या, मला कळलंही नाही. इतके महिने मी त्याच्यावर पहारा केला, आणि जाताना तो माझ्या नजरेसमोर गेला नाही.

पुढच्या मोहाच्या दिवसांत चिमीला घेऊन मी त्या खेड्यात गेले, त्या नर्सबाईसाठी साडी घेऊन. तिची बहीण भेटली. म्हणाली, "ताई मागच्या साली दोनच दिवस आली होती. मोहा वेचाची तिले कायची सवय! त्या दिवशी माझी कंबर धरली म्हणून ती गेली झाडाखाली." साडी मी बहिणीपाशी ठेवून आले. ज्या दिवशी मी पोरीचा डोळा जाळायला निघाले, त्याच दिवशी एका घरी म्हातारा नव्हता आणि शेजारच्या घरी एका बाईची कंबर धरली. याला काय म्हणायचं ते ज्याने त्याने ठरवावं. ज्या मायशी मी कमरेवर हात ठेवून भांडले होते, तिने मला उत्तर दिलं, तेही तिला न मानणाऱ्या बाईच्या तोंडून, एवढं मी माझ्यापुरतं धरून चालते.

कडुनिंबातली ती सुई आता गंजली आहे, साल तिच्यावर चढत आली आहे. सासूबाईंना हल्ली जवळचं दिसत नाही. परवा दुपारी मी मशीनवर होते आणि त्या गोधडीला टाका घालायला बसल्या. दोरा काही केल्या ओवेना. चिमी धावत आली, आजीच्या हातातून सुई घेतली, उजेडाकडे धरली, डावा डोळा मिटला आणि उजव्या डोळ्याने नेम धरून एका झटक्यात दोरा ओवून दिला. "घे आजी," म्हणाली आणि खेळायला पळाली. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मशीन थांबवलं होतं.